चौथ्या रसाचा रिपोर्ट

लग्नाच्या बायोडाटात सगळ्यात अवघड रकाना स्वभावाचा. उंची मोजता येते. रंग फोटोत दिसतो, आणि फोटो खोटा असला तर माणूस समोर आल्यावर दिसतो. पगाराचं खोटं उद्यमबागेतल्या कारखान्यांबाहेरच्या चहाच्या गाड्यावर चौकशी केली की दुपारपर्यंत बाहेर पडतं. स्वभावाचं तसं नाही. तो कळेपर्यंत बारशाचे पेढे वाटून झालेले असतात.

बेळगावातल्या शहापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवलं. गुडघे दुखायला लागले आणि पोरंपोरी फोनवरच एकमेकांना पसंत करायला लागली, तसं बंद केलं. काम साधं होतं. लोक येणार, मुलाची नाहीतर मुलीची माहिती सांगणार, मी त्याचा इंग्रजीत बायोडाटा करणार आणि जुळेल असं वाटेल तिथं पोचवणार. इंग्रजीतच का, असं बाहेरगावची माणसं विचारतात. आमच्या सीमाभागात मराठीत लिहिलं की एक घर रुसतं आणि कन्नडात लिहिलं की दुसरं. इंग्रजी कुणालाच धड येत नाही, त्यामुळं कुणाचाच अपमान होत नाही.

स्वभावाबद्दल आईबाप जे सांगतात त्यावर विश्वास ठेवायची सोय नसते. सगळ्यांचीच पोरं 'लई गरीब' असतात. 'तोंडातनं शब्द काढत न्हाय' असं आई कौतुकानं सांगते तेव्हा पोरगा घुमा असतो. 'मनात काय ठेवत न्हाय' म्हणजे सगळं तोंडावर फेकतो, कधी कधी ताटासकट. हे सगळं मला एका शब्दात, इंग्रजीत, आणि कुणाला राग येणार नाही अशा बेतानं बसवायचं असायचं.

तो शब्द मला रद्दीतल्या एका इंग्रजी पेपरात सापडला. गुड-ह्यूमर्ड. दिसायला भारदस्त, दोन शब्दांच्या मधे आडवी रेघ, जणू दोन घरांची सोयरीकच. पहिल्यांदा तो वापरला खानापूरकडच्या एका मुलासाठी. त्याला हसू आवरायचं नाही. आई म्हणाली, "मावशी, काय लिवायचं ते लिवा, पण ह्येला मातीला न्हेलं तरी ह्यो हसतोय." मी लिहिलं, गुड-ह्यूमर्ड. पुढच्याच मुहूर्ताला लग्न झालं. त्याचे सासरे अजून बाजारात भेटले की म्हणतात, जावई सोन्यासारखा हाय, फकस्त आमी त्येला मयताला न्हेत न्हाय.

मग मी तो शब्द सढळ हातानं वाटला. हसऱ्याला दिला, घुम्याला दिला, ताट फेकणाऱ्याला सुद्धा दिला. वाचणाऱ्याला वाटायचं, पोराला कुठलीतरी पदवीच मिळालीय. त्याचा अर्थ विचारावा असं एकालाही वाटलं नाही. विचारला तो वडगावच्या अण्णांनी.

अण्णा विणकराच्या घरातले, पण माग सोडून उद्यमबागेत गेले आणि कास्टिंग तपासण्यात त्यांची हयात गेली. लोखंड वितळवून साच्यात ओततात, गार झालं की साचा फोडून जो तुकडा बाहेर काढतात ते कास्टिंग. ते पंपात, ट्रॅक्टरमधे, कुठं कुठं जातं. जाण्याआधी ते तपासणारा माणूस म्हणजे इन्स्पेक्टर. त्याच्यापुढं रंगाचे तीन डबे असतात. हिरवा ठिपका म्हणजे माल पास. तांबडा म्हणजे रद्द, परत भट्टीत. पिवळा म्हणजे होल्ड, ठेवा बाजूला, नंतर बघू. अण्णांचा हिरवा डबा वाळून जायचा आणि पिवळा कधी पुरायचा नाही, असं तिथली माणसं सांगतात. उद्यमबागेत त्यांचं नावच होल्ड अण्णा. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

रिटायर झाल्यावर त्यांच्याकडं तपासायला एकच माल उरला, लेकीला सांगून येणारी स्थळं. रोहिणी त्यांची एकुलती एक. आई तिच्या लहानपणीच गेली, घरात बाप-लेक दोघंच. पोरगी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, दिसायला नीटनेटकी, बोलायला तिखट. स्थळांना तोटा नव्हता. अण्णांनी एकही स्थळ नाकारलं नाही, हेच तर दुखणं होतं. नाकारलं असतं तर मी दुसरं बघितलं असतं. अण्णा म्हणायचे, "वाईट न्हाय. पण जरा थांबवून ठेवा, मावशी." मी थांबवायची. तिकडं त्या पोरांची लग्नं व्हायची. होल्डवर असलेल्या एका स्थळाकडनं मला त्याच्या मुलाच्या बारशाचं आवतण आलं. ते मी अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "बगा, थांबलो म्हणून कळलं, त्येला किती घाई हुती ते."

त्यात निपाणीच्या महेशचं स्थळ आलं. महेश उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर सुपरवायझर. आठवडाभर बेळगावात खोली करून राहायचा, रविवारी निपाणीला आईकडं. वडील नाहीत. आईनं विड्या वळून पोराला डिप्लोमा शिकवला. पोरगा शांत, कामाचा, बोलणं मोजकं. स्वभावाच्या रकान्यात मी नेहमीचं औषध घातलं.

बघण्याचा कार्यक्रम वडगावात अण्णांच्या घरी झाला. शेजारच्या घरात यंत्रमाग चालू, त्यामुळं त्या घरात साधं 'चहा घ्या' सुद्धा ओरडून सांगावं लागतं. अण्णांनी बायोडाटा हातात घेतला आणि पेनाचं टोपण एकेका ओळीवर ठेवत खाली आले. स्वभावावर टोपण थांबलं.

"ह्यो शब्द कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"माझाच की," मी म्हटलं. "म्हणजे मनमिळाऊ, आनंदी माणूस."

"ते अर्थाचं झालं. आला कुठनं? मटेरियलचा सोर्स काय?"

मी काय सांगणार? मला रद्दीत सापडला होता. पण रोहिणी पोह्यांच्या बश्या घेऊन तिथंच उभी होती, आणि शिक्षकाला प्रश्न ऐकू आला की उत्तर पोटात राहत नाही. बश्या खाली ठेवून ती मोठ्यानं सांगायला लागली. ह्यूमर म्हणजे मुळात ओलावा, पाणी. जुन्या काळी युरोपातले वैद्य मानायचे की माणसाच्या अंगात चार रस असतात. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. रक्त जास्त तर माणूस आनंदी. कफ जास्त तर थंड. पिवळं पित्त जास्त तर रागीट, काळं जास्त तर उदास. चारी रस बेतानं असले की माणसाचा मूड चांगला, म्हणून तो गुड-ह्यूमर्ड. ह्यूमर म्हणजे विनोद, हे फार नंतरचं.

"आपल्यात वात, पित्त, कफ तीनच," अण्णा म्हणाले. "त्यांनी एक जास्त घातलाय."

"घातलाय," रोहिणी म्हणाली.

अण्णांनी पेनाचं टोपण परत त्या शब्दावर ठेवलं. शेजारचा माग खडखडत होता. मी पोहे खाऊन घेतले, कारण पुढं काय होणार त्याची मला धास्ती वाटायला लागली होती.

"म्हणजे ह्यो स्वभाव न्हवंच," अण्णा म्हणाले. "ही केमिस्ट्री हाय. चार घटक, चारांचं प्रमाण. लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, ह्येचा लॅबचा कागद असल्याशिवाय आमी मालाला हात लावत न्हवतो. मावशी, तुमी माल पाठवला, कंपोझिशन लिवलं, मग रिपोर्ट कुठाय?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण अण्णा थट्टा करत नाहीत. मी तोंड उघडणार एवढ्यात महेश म्हणाला, "आणतो की. कुठल्या लॅबचा चालंल?"

अण्णांच्या तोंडावर असं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "कुठल्याबी. सही-शिक्का पायजे."

आता वाचणाऱ्याला वाटेल, असल्या घरातनं कुठलाही मुलगा चप्पल घालून निघून गेला असता. आधीचे गेलेच होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रोहिणी माझ्याकडं आली. म्हणाली, "मावशी, अण्णा चालू झाले की आजवरची सगळी पोरं घड्याळ बघायची. ह्यानं अण्णांच्या पाठीमागनं मला हातानं खूण केली. असा तळवा खाली करून, हळूहळू. फाउंड्रीत आवाजात बोलता येत न्हाय म्हणून खुणा करतात म्हणे. ह्या खुणेचा अर्थ, थांब, गार होऊ दे." आणि ती हसली. त्या पोरीला मी तिच्या कॉलेजच्या दिवसांपासून ओळखते. अशी हसताना पहिल्यांदा बघितली. मला तेव्हाच कळलं, की ह्या वेळी नुसतं अण्णांना पटवून भागणार नाही. हे स्थळ हातचं गेलं तर पोरगी मोडून पडेल.

त्या रविवारी महेश निपाणीतल्या लॅबमधे गेला. एका सुईत रक्ताचं काम झालं. पिवळ्या पित्ताचं पण त्याच रक्तातनं कळतं म्हणे, बिलिरुबिन का काय असतं. कफासाठी त्याला झाकणाची प्लास्टिकची डबी दिली, सकाळी उठल्या उठल्या भरून आणा म्हणाले. पोरगा सोमवारी रजा काढून थांबला आणि भरलेली डबी शर्टाच्या वरच्या खिशात घालून भर पेठेतनं चालत लॅबला गेला. डबी आरपार दिसणारी, वर त्याच्या नावाची पट्टी. लपवण्यासारखं त्यात काय आहे, असं त्याला वाटलं.

निपाणी हे तंबाखूचं गाव. वखारीत तंबाखू, घरात विड्या, हवेत भुकटी. तिथं खोकला सगळ्यांनाच असतो आणि त्या डबीचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. महेश लॅबमधनं घरी पोचायच्या आधी बातमी पोचली की त्याला टीबी झालाय. टीबी औषधानं बरा होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण लग्नाच्या बाजारात ते कुणी ऐकून घेत नाही. विडी वळायला एकत्र बसणाऱ्या बायकांनी महेशच्या आईपासनं आपापली सुपं सरकवून घेतली.

चौथ्या रसाचं तर आणखी वेगळंच. लॅबवाल्या पोराला महेशनं माझा नंबर दिला होता, त्याचा मला फोन आला. कन्नड घरातला पोरगा, बोलायला मोठा अदबीचा. म्हणाला, "अक्का, काळं पित्त इल्ला. आमच्या मशीनमधे त्येचं बटणच न्हाय. बेंगळूरला विचारलो, ते हसले. काय लिवू? निल लिवलो तर चालतंय काय?" मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "तपासलं न्हाय तर निल कसं लिवंल? पेंडिंग लिवा म्हणावं."

दुसरा फोन महेशच्या आईचा. तिचा आवाज शांत होता, त्यावरनंच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. "मावशी, तुमच्या त्या इंग्रजी शब्दापायी माझ्या पोराला गावानं रोगी ठरिवला. आमास्नी ही सोयरीक नको. पोरीला बोल न्हाय, पोरगी चांगली हाय. पण त्या घरात माझं पोरगं जायाचं न्हाय." आणि फोन ठेवला.

मी रोहिणीला बोलावून सांगितलं. ती रडली नाही. खुर्चीत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मावशी, अण्णांना वाटतंय का मी जाऊ नये?"

"वाटतंय," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? "एकट्या माणसाला भीती वाटते गं. तो ती बोलून दाखवत न्हाय, होल्ड म्हणतोय एवढंच."

"मग मी काय करू? मी पण जन्मभर होल्डवरच ऱ्हाऊ? हे जमलं न्हाय तर मी परत कुणासमोर पोह्याची बशी घेऊन येणार न्हाय. सांगून ठेवतो."

आमच्याकडं बायका सुद्धा 'सांगून ठेवतो' म्हणतात, आणि म्हणाल्या की ते खरं असतं. ती उठली, घरी गेली आणि अण्णांना म्हणाली, चला निपाणीला. अण्णा काय म्हणाले असतील नसतील ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या बसमधे खिडकीशी अण्णा, शेजारी रोहिणी आणि पलीकडं मी.

महेशची आई उंबऱ्याजवळ बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. आम्हाला बघून उठली नाही, बसा म्हणाली आणि हात चालूच ठेवले. गावात हे सगळं झाल्यावर महेशनं रजा वाढवली होती, तो तिच्या पाठीमागं दाराला टेकून उभा होता.

अण्णांनी बोलायला सुरुवात केली. रिपोर्ट मागण्यात आपला हेतू वाईट नव्हता, तपासणं ही सवय, वगैरे. ती ऐकत होती. एक विडी दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तुमी तपासनारी मानसं व्हय? मी जलमभर तपासून घेतलेली बाई हाय. आमच्यात त्येला छाट म्हनत्यात. आमी वळलेल्या विड्या घिऊन जायाचं, मालकाचा मानूस जुडी सोडनार, ही ढिली, ही बारीक म्हनून मूठभर बाजूला काढनार. त्येचं पैसं न्हाय. आनि सांजचं बगावं तर त्योच मानूस बाजूला काढलेली विडी वडत बसल्याला."

अण्णा ताठ झाले. "मी रिजेक्ट केलेला माल कधी घरी न्हेला न्हाय."

"माल न्हेला नसशीला," ती म्हणाली. "पोरगी तर घरातच ठिवलीसा की."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि परत खिशात घातलं. रोहिणीनं मान खाली घातली. मला वाटलं, आता संपलं, आता अण्णा उठणार आणि आम्ही बस धरणार. तेवढ्यात आईच्या डोक्यावरनं महेशनं रोहिणीकडं बघितलं आणि तळवा खाली करून हात हळूहळू हलवला. थांब, गार होऊ दे.

आणि गार झालं. अण्णा म्हणाले, "मग आता काय करायचं ते तुमी सांगा."

तिनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले. "माझ्या पोराची डबी सगळ्या पेठंनं बगितली. आता तुमची बी बगू दे. सगळ्यांची."

असं झालं, की त्या दिवशी आम्ही सगळे लॅबमधे गेलो, रक्त दिलं, सगळ्यांनी एकेक डबी घेऊन भरली, आणि ती हातात धरून पेठेतनं फेरी मारायला निघालो. सगळ्यात पुढं महेशची आई, डबी अशी धरलेली की देवीची ओटी भरायला निघालीय. मग अण्णा, मग रोहिणी, मग महेश, आणि मागं गुडघे सांभाळत मी. माझ्या कफाचा ह्या सगळ्यात काय संबंध, असं मी विचारून बघितलं. महेशची आई म्हणाली, "शब्द कुणाचा?" मी गप्प चालायला लागले.

दुकानांतनं माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तंबाखूच्या एका वखारीसमोर शेठनं अण्णांना थांबवून विचारलं, "काय पावणं, घरादाराला लागन झालीया का काय?" अण्णांनी आयुष्यात कुणाचा प्रश्न अर्धवट सोडलेला नाही. भर पेठेत उभं राहून, डबी वर धरून, त्यांनी युरोपातल्या जुन्या वैद्यांचे चार रस, त्यांचं प्रमाण आणि त्यातनं निघालेला इंग्रजी शब्द, सगळं पहिल्यापासनं समजावून सांगितलं. गर्दी जमली. एकानं विचारलं, तंबाखूनं कुठला रस वाढतो. दुसरा म्हणाला, माझ्या बायकोला पिवळं जास्त हाय, कमी कराय काय औषध? अण्णा म्हणाले, "मी फकस्त तपासतो, दुरुस्त करत न्हाय." रोहिणी हसू दाबून दाबून लाल झाली होती. महेश मात्र तोंडावरची रेघ न हलवता उभा. मला पहिल्यांदाच शंका आली, हा पोरगा आतनं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हसत असणार.

संध्याकाळपर्यंत निपाणीत टीबीची बातमी मागं पडली आणि नवीन बातमी चालू झाली, बेळगावकडं आता कफ तपासल्याशिवाय सोयरीक होत न्हाय. बायकांनी सुपं परत जवळ सरकवली. पुढं बरेच दिवस मला फोन यायचे. एका सद्गृहस्थांनी तर मुलीच्या बायोडाटाला स्वतःहून रिपोर्ट जोडून पाठवला, आणि रक्तगटाच्या खाली लिहिलं, कफ, समाधानकारक.

त्याच संध्याकाळी लॅबमधे सगळ्यांचे रिपोर्ट मिळाले. महेशचं सगळं बेतात. रोहिणीचं बेतात. महेशच्या आईचं बेतात, तंबाखूत आयुष्य काढून सुद्धा. माझं साखर सोडून बाकी बरं. अण्णांचं पित्त मात्र वर निघालं. लॅबवाल्या पोरानं मोठ्या अदबीनं कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "अण्णा, तुमी जरा डॉक्टरला दावा री." अण्णांनी तो कागद कितीतरी वेळ उलटासुलटा करून बघितला, कुठं लॅबची चूक सापडते का म्हणून. सापडली नाही.

"मग? पास का?" महेशच्या आईनं विचारलं.

"चौथा पेंडिंग हाय," अण्णा म्हणाले. ह्या वेळी त्यांच्या आवाजात जोर नव्हता. सवयीनं म्हणाले एवढंच.

रोहिणी त्यांच्याशेजारी बसली. म्हणाली, "अण्णा, काळं पित्त कुणाच्याच अंगात नसतं. त्या वैद्यांना सुद्धा ते कधी सापडलं न्हाय. नुसतं मानून चालले. नंतर ती सगळी विद्याच खोटी निघाली. शब्द तेवढा राहिला."

"जे न्हाईच, ते स्पेसिफिकेशनमधे घातलंच कशाला?"

"माणूस कधी कधी कशानं उदास होतो ते सांगता येत न्हाय म्हणून घातलं असणार."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या घरात संध्याकाळी दोघंच जेवायला बसतात, शेजारचा माग बंद झाला की घर किती गप्प होतं, हे मी जाऊन येऊन बघितलेलं आहे. त्यांनी रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "बरं. चौथा होल्डवर ठेवू. बाकीच्यावर तारीख काढा."

तारीख निघाली. लग्नाच्या सकाळी वडगावातल्या कार्यालयात दोघांची हळद एकाच मांडवात होती. आदल्या दिवशी रोहिणीला हिरवा चुडा भरलेला, कोपरापर्यंत. बायका गाणी म्हणत होत्या, महेश पाटावर बसलेला, उद्यमबागेतली पोरं मोबाइल काढून उभी. हळद लावायला एकेक माणूस पुढं होत होता. अण्णांची पाळी आली. त्यांनी वाटीत बोटं बुडवली, महेशच्या कपाळाजवळ नेली, आणि हात मधेच थांबला. बोटांवरचा पिवळा त्यांना दिसला असावा.

महेश मान वर करून म्हणाला, "लावा अण्णा. माल होल्डवर जाणार हे उद्यमबागेत सगळ्यांस्नी म्हाईतच हुतं."

फाउंड्रीतली पोरं अशी हसली की गाणी थांबली. महेशची आई पदर तोंडाला लावून हसली. मी त्या पोराच्या बायोडाटात तो शब्द न बघताच घातला होता, पण खरा ठरला म्हणून मला उगीचच अभिमान वाटला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पिवळा ठिपका लावला, कपाळाच्या बरोबर मधोमध, कास्टिंगवर लावतात तसा. मग समोर बसलेल्या लेकीकडं बघितलं.

"माझ्याकडं पिवळाच ऱ्हायलाय," ते म्हणाले. "हिरवा सगळा तिच्या हातात दिलाय. आता पास करायचं ते ती करंल."

एवढं बोलून त्यांचे डोळे भरले आणि ते वाटीतली हळद नुसतीच बोटानं ढवळत राहिले. मांडवातल्या गलक्यात रोहिणी काही बोलली असती तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. तिनं चुडा भरलेला हात वर केला, तळवा खाली केला आणि बापाला खूण केली, हळूहळू, गार होईपर्यंत. अण्णांनी मान हलवली. मग ते वाटी माझ्या हातात देऊन डोळे पुसायला बाहेर गेले, आणि पुढच्या माणसाला मी हळद दिली.